आधी एक शिक्षा लागलेली असली तर मोठ्या गुन्ह्यात शिक्षा किती वाढते?

मोगरा_बोरिवली (मंगळवार, रात्री ११:२०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं फक्त वाचतेय इथे, आज गरज पडली म्हणून लिहितेय. २०२२ च्या पावसाळ्यात माझ्या आईच्या घरात भर दुपारी दोघं घुसले. एकाने तिच्या मानेला चॉपर लावला आणि हातातल्या पाटल्या ओढून काढल्या, त्यात तिचं मनगट मोडलं. आई तेव्हा ६८ वर्षांची. केस सेशन्सला चालली, गेल्या आठवड्यात चॉपरवाल्याला दोषी धरलं. शिक्षेवरची सुनावणी पुढच्या मंगळवारी आहे.

सरकारी वकील बाई म्हणाल्या की याला आधी एक शिक्षा लागलीय, शिवाय पाच केसेस आहेत, ते सगळं आपण कोर्टापुढे ठेवू. आणि आमच्या बिल्डिंगमधले एक काका छातीठोकपणे सांगतात की आधीचं काही धरत नसतात, प्रत्येक केस वेगळी. मी साक्षीच्या प्रत्येक तारखेला हजर होते, पण या माणसाच्या आधीच्या शिक्षेबद्दल कोर्टात कुणी एक शब्द काढला नाही. मग आता शेवटी काढून काय उपयोग? आई अजून बेल वाजली की आतल्या खोलीत जाऊन बसते, आणि मला रोज विचारते की त्याला किती वर्षं लागतील. मला तिला खरं उत्तर द्यायचंय. कुणाला माहीत असेल तर नीट समजावून सांगा.

परळचा_बाळू (रात्री ११:४१)

ताई, आधी आईंना नमस्कार सांगा. सहा केसेस असलेला माणूस बाहेर फिरतो कसा हाच माझा पहिला प्रश्न. जन्मठेप द्यायला हवी, सरळ. एकदा चुकला तर समजू शकतो, सहा वेळा म्हणजे धंदाच झाला की तो.

अर्चना_दीक्षित_नव्हे (रात्री ११:५८)

वाचतेय. वाचनखूण साठवली. आमच्याही सोसायटीत हाच वाद चालू आहे.

काळा_कोट (बुधवार, सकाळी ७:१५)

मोगराताई, मी फौजदारीच करतो, २२ वर्षं झाली. तुमचे काका अर्धे बरोबर आहेत.

खटला चालू असताना आधीची शिक्षा मुद्दामच बाजूला ठेवतात. हा आधी चोर होता म्हणजे हेही यानेच केलं असणार, असं न्यायाधीशांच्या मनात बसू नये म्हणून. जुन्या पुरावा कायद्याचं कलम ५४ त्यासाठीच होतं, आणि सीआरपीसीचं (फौजदारी खटला कसा चालवायचा त्या कायद्याचं) कलम २३६ तर स्पष्टच सांगतं की वाढीव शिक्षेसाठी आधीची शिक्षा चार्जमध्ये, म्हणजे कोर्टाने ठेवलेल्या आरोपात, घातली असली तरी दोषी ठरेपर्यंत ती वाचून दाखवायची नाही आणि आरोपीला त्याबद्दल विचारायचंही नाही. म्हणजे तुमच्यापासून कुणी काही लपवलं नाही, पद्धतच तशी आहे. आणि ती तुमच्या फायद्याची आहे, कारण असा निकाल वर अपिलात टिकतो.

दोषी ठरला की दार उघडतं. कलम २३५(२) खाली शिक्षेवर दोन्ही बाजूंना ऐकतात आणि आधीची शिक्षा तिथे येते. गुन्हा २०२२ चा म्हणजे तुम्हाला जुनी आयपीसीच (भारतीय दंड संहिता) लागणार, तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेली न्याय संहिता नाही. मनगट मोडलं आणि हत्यार वापरलं म्हणजे ३९४ (जबरी चोरीत दुखापत) सोबत ३९७ (त्यात प्राणघातक हत्यार किंवा गंभीर दुखापत) असेल. ३९७ मध्ये सात वर्षांच्या खाली जाताच येत नाही, आणि ३९४ ची वरची मर्यादा जन्मठेप. सात ते जन्मठेप या मधल्या जागेत कुठे थांबायचं हे ठरवताना आधीची शिक्षा वजन टाकते.

शिवाय आयपीसीचं कलम ७५ आहे. नाणी-स्टॅम्पचे गुन्हे किंवा चोरी-दरोड्यासारखे मालमत्तेचे गुन्हे, ज्यांना तीन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा सांगितलीय, अशात आधी दोषी ठरलेला माणूस पुन्हा तसाच गुन्हा करून सापडला तर जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत. साधी चोरी, कलम ३७९, तीन वर्षांपर्यंत आहे म्हणून ती धरते, प्रत्यक्षात कोर्टाने तेव्हा चार महिनेच दिले असले तरी. न्याय संहितेत हेच कलम १३ आहे. तुमच्या केसमध्ये जन्मठेप तशीही शक्य असल्याने ७५ ने फार फरक पडणार नाही, पण नुसत्या ३९२ ला, म्हणजे साध्या जबरी चोरीला, जिथे दहा वर्षांची मर्यादा आहे, तिथे ते जन्मठेपेपर्यंत नेतं.

आता त्या पाच केसेस. त्यात किती सुटल्या, किती चालू आहेत ते विचारा. सुटलेली केस म्हणजे शून्य. चालू केसही शिक्षेसाठी धरू नये असं सुप्रीम कोर्टाने २०१८ साली आपल्या महाराष्ट्रातल्याच एका फाशीच्या प्रकरणात सांगितलंय, कारण सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष. म्हणजे बाळूभाऊ, सहा नाही, कायद्याच्या हिशोबात एकच.

मोगरा_बोरिवली (सकाळी ७:५०)

दादा तुमचे किती आभार मानू. रात्रभर झोप नव्हती. त्या पाच केसेसचं आजच विचारते. फक्त एक, मागची शिक्षा सिद्ध कशी करतात? तो म्हणाला मी नव्हेच, मग?

गिरगावचे_नाना (सकाळी ९:०५)

याचं उत्तर मी देतो. ३१ वर्षं कोर्टात नोकरी केली, शेवटची बारा सेशन्सला. आधीच्या निकालाची प्रमाणित प्रत लागते, किंवा जिथे शिक्षा भोगली त्या तुरुंगाच्या अधिकाऱ्याचं सर्टिफिकेट, आणि त्याच्या जोडीला हा माणूस तोच आहे याचा पुरावा. हा शेवटचा भाग लोक विसरतात. बोटांचे ठसे जुळले तर प्रश्न मिटला.

एकदा आमच्याकडे असंच झालं होतं. पोलिसांनी मागच्या शिक्षेचा कागद आणला, नाव तेच, बापाचं नाव तेच, आडनाव तेच. साहेबांनी वय बघितलं, त्या हिशोबाने आरोपी पहिल्या गुन्ह्याच्या वेळी नऊ वर्षांचा निघत होता. तो कागद दुसऱ्याच गावच्या एका लांबच्या भावाचा निघाला. म्हणून ताई, सरकारी वकिलांना आजच सांगा प्रमाणित प्रतीचा अर्ज टाकायला. रेकॉर्ड रूममधून जुनी फाईल काढायला वेळ लागतो, मंगळवार फार लांब नाही.

काळा_कोट (सकाळी ९:२२)

नाना +१. लाखाची गोष्ट बोललात. आणि चार्जमध्ये ती शिक्षा घालायची राहिली असेल तरी शिक्षा सुनावण्याच्या आधी कधीही घालता येते, तेवढं बघून घ्या.

विक्रोळीचा_दादा (दुपारी १:३०)

लिहू की नको असं सकाळपासून चाललंय. मोगराताई, तुमच्या आईंवर जे आलं ते कुणावर येऊ नये, हे आधी मनापासून सांगतो. पण मी दुसऱ्या बाजूच्या बाकावर बसलेला माणूस आहे, म्हणून थोडं सांगतो.

माझा धाकटा भाऊ १९ वर्षांचा असताना मोबाईल चोरीत पकडला गेला. चोरला होता, खोटं बोलणार नाही. जामीनदार मिळेना म्हणून चार महिने आत होता. तेव्हाचा वकील म्हणाला गुन्हा कबूल कर, जेवढं भोगलंय तेवढीच शिक्षा देतील, संध्याकाळी घरी. आईने पाय धरले त्या वकिलाचे आनंदाने. कबूल केलं, सुटला. आम्हाला वाटलं संपलं. त्या कागदाचा अर्थ कुणीच समजावला नाही आम्हाला.

सात वर्षांनी चाळीत मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं, भावावर खुनाचा प्रयत्न लागला. त्याने मारलंच नव्हतं असं मी म्हणत नाही, चौघं होते, तोही होता. पण जामिनाच्या वेळी पहिलं वाक्य काय, तर हा आधीचा दोषसिद्ध आहे. शिक्षेच्या वेळीही तेच. बाकी तिघांना पाच वर्षं, याला सात. दोन वर्षं जास्त, एका मोबाईलसाठी ज्याची शिक्षा तो भोगून आला होता. कोर्टाने चूक केली असं म्हणायचं नाही मला. पण त्या संध्याकाळी घरी यायच्या घाईत आम्ही काय सही केली ते आज कळतं.

काळा_कोट (दुपारी २:१०)

दादा, हे वाचून खरंच वाईट वाटलं, कारण हे मी दर आठवड्याला बघतो. पहिल्यांदा चोरीत सापडलेल्या पोरासाठी प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स अ‍ॅक्ट आहे, १९५८ चा. त्याच्या कलम ३ मध्ये ३७९ चं नाव घेऊन लिहिलंय की आधी शिक्षा नसेल तर ताकीद देऊन सोडता येतं, आणि २१ च्या आतला असेल तर तुरुंगात पाठवायचं झाल्यास कोर्टाला कारणं लिहावी लागतात. शिवाय कलम १२ मुळे त्या दोषसिद्धीने येणारी कायदेशीर अपात्रता लागत नाही. तुमच्या भावासाठी कुणीतरी हे मागायला हवं होतं. कबुली देऊन 'भोगली तेवढी' घेणं सोपं असतं, सगळ्यांचाच वेळ वाचतो, आणि पोराच्या नावावर कायमची ओळ लागते.

त्या ओळीची किंमत आता अजून वाढलीय. सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे कच्च्या (खटला चालू असलेल्या) कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला तर त्याला सोडायचं, पण फक्त ज्याला आधी कधीच शिक्षा झालेली नाही त्याला. बाकीच्यांना निम्मा काळ. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही. आणि नव्या न्याय संहितेत चोरीतच दुसऱ्या वेळेपासून किमान एक वर्ष सक्तमजुरी, कमाल पाच. पहिल्या वेळेला मात्र माल पाच हजारांच्या आतला असेल आणि परत केला तर समाजसेवा. म्हणजे पहिली आणि दुसरी यात आता मोठी दरी आहे.

परळचा_बाळू (दुपारी ३:०२)

दादा, तुमच्याबद्दल वाईट वाटतं, पण पटत नाही. सात वर्षं चांगला राहिला असता तर मारामारीत कशाला गेला असता? संधी मिळाली होती ना. ज्याचं डोकं फुटलं त्याच्या घरच्यांनी कुणाकडे बघायचं? आणि वकीलसाहेब, चालू केसेस धरत नाहीत म्हणता, मग तो टोळ्यांवरचा मोक्का कायदा कसा लागतो? तिथे तर जुन्या केसेसवरच सगळं असतं.

काळा_कोट (दुपारी ३:४०)

चांगला प्रश्न. मोक्का १९९९ चा, त्यात मागच्या दहा वर्षांत एकाहून जास्त चार्जशीट दाखल असून कोर्टाने दखल घेतलेली असावी लागते. शिक्षा झालेली असायलाच हवी असं नाही. पण ते 'सतत चालणारं बेकायदेशीर कृत्य' दाखवायला, आणि टोळीही दाखवावी लागते. शिक्षा मात्र मोक्काखालचा गुन्हा सिद्ध झाल्यावरच. तडीपारीचंही तसंच, महाराष्ट्र पोलीस कायद्याची ५५, ५६, ५७ ही कलमं, दोन वर्षांपर्यंत हद्दीबाहेर. त्यातल्या ५७ ला आधीची शिक्षा लागते, ५६ ला लागत नाही. ती प्रतिबंधक कारवाई आहे, शिक्षा नव्हे.

सायलीची_आई (दुपारी ४:१५)

अवांतर: माझ्या सासूबाई लालबागला नव्या नवऱ्या आल्या तेव्हा शेजारची बाई म्हणाली आमच्या ह्यांचे चॅप्टर चालू आहेत, महिन्यातून एकदा जावं लागतं. सासूबाईंना वाटलं हे रात्रशाळेत शिकतायत, आणि त्यांनी कौतुकाने पेढे नेऊन दिले. चॅप्टर केस म्हणजे पोलिसांनी चांगल्या वागणुकीचा बाँड घेतलेला माणूस हे त्यांना वर्षभराने कळलं!

विक्रोळीचा_दादा (दुपारी ४:३०)

सायलीची आई, आज पहिल्यांदा हसलो. बाळूभाऊ, तुमचं म्हणणं चूक नाही. ज्याचं डोकं फुटलं त्याच्या घरी मी स्वतः गेलो होतो, दवाखान्याचे पैसे दिले. भावाने मोठा गुन्हा केला त्याची सजा भोगतोय, ती मान्य आहे. मला फक्त ती वरची दोन वर्षं पचत नाहीत.

स्लो_लोकल (संध्याकाळी ६:४८)

शक्ती मिलची केस आठवते का कुणाला? मी तेव्हा महालक्ष्मीलाच नोकरीला होते, रोज संध्याकाळी त्या भिंतीवरून जायचे. ३१ जुलै २०१३ ला एका टेलिफोन ऑपरेटर मुलीवर आणि २२ ऑगस्टला फोटो जर्नलिस्टवर सामूहिक बलात्कार. पहिली मुलगी दुसरी घटना कळल्यावर पुढे आली. दोन्हीत तिघं आरोपी तेच. २०१३ च्याच दुरुस्तीने कलम ३७६ ई आलं होतं, बलात्कारात आधी दोषी ठरलेल्याने पुन्हा केलं तर मरेपर्यंत जन्मठेप किंवा फाशी. मार्च २०१४ मध्ये दोन्ही केसेसचा निकाल एकाच दिवशी लागला, मग ३७६ ई चा चार्ज वाढवला आणि एप्रिलमध्ये तिघांना फाशी सुनावली.

२०१९ ला हायकोर्टाने ते कलम घटनेला धरून आहे असं सांगितलं, पण २५ नोव्हेंबर २०२१ ला फाशी रद्द करून मरेपर्यंत जन्मठेप दिली, पॅरोल नाही, फर्लो नाही, म्हणजे तुरुंगातून कधी सुट्टीही नाही. वादाचा मुद्दा हाच होता की दोन्ही खटले सोबत चालले, मग 'आधी दोषी ठरलेला' कसं म्हणायचं. तेव्हा मी संतापले होते. दोन मुलींचं आयुष्य, आणि तुम्ही तारखा मोजता? आज काळा कोट यांचं वाचून थोडं उमगतंय. कायदा म्हणतो एकदा कोर्टाने ठणकावून सांगितलं, शिक्षा दिली, तरी पुन्हा केलंस, म्हणून जास्त. तो ठणकावण्याचा दिवसच मध्ये आला नव्हता. तरी पूर्ण पटलंय असं नाही म्हणणार मी. त्या भिंतीवरून जाताना जे वाटायचं ते अजून तसंच आहे.

काळा_कोट (संध्याकाळी ७:२०)

स्लो लोकल, इतकं नेमकं तर आमचे ज्युनिअरही सांगत नाहीत. 'ठणकावण्याचा दिवस' हेच मर्म आहे सगळ्याचं.

मुलुंडची_लेक (गुरुवार, पहाटे ४:५५)

मी न्यू जर्सीत असते, इथे लीगल ऑफिसात पॅरालीगल (वकिलांची मदतनीस) आहे. इथल्या फेडरल कोर्टात यासाठी चक्क कोष्टक आहे. आडव्या ओळीत गुन्हेगारी इतिहासाचे सहा वर्ग, उभ्या रांगेत गुन्ह्याच्या ४३ पातळ्या. आधीच्या प्रत्येक शिक्षेला गुण: १३ महिन्यांहून जास्त असेल तर ३, किमान ६० दिवसांची असेल तर २, बाकीच्यांना १. जबरी चोरीची मूळ पातळी २०. पहिल्या वर्गातला असेल तर ३३ ते ४१ महिने, आणि सहाव्या वर्गातला असेल तर त्याच गुन्ह्याला ७० ते ८७. दुपटीहून जास्त! २००५ पासून हे बंधनकारक नाही, पण न्यायाधीश हिशोब तिथूनच सुरू करतात. एक गोष्ट मात्र मला आवडते, जुन्या शिक्षा कालबाह्य होतात, मोठी १५ वर्षांनी, लहान १० वर्षांनी मोजणीतून जाते.

उलट टोक कॅलिफोर्नियाचं. १९९४ चा तीन स्ट्राइकचा कायदा, म्हणजे तिसऱ्या गुन्ह्याला थेट मोठी शिक्षा. एका माणसाने गोल्फच्या तीन काठ्या पँटच्या पायात लपवून नेल्या, प्रत्येकी ३९९ डॉलरच्या. लंगडतोय का म्हणून दुकानातल्या माणसाला संशय आला. आधीच्या घरफोड्या आणि जबरी चोरीमुळे त्याला २५ वर्षं ते जन्मठेप लागली, आणि २००३ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने ती ५ विरुद्ध ४ मतांनी कायम केली. मग २०१२ ला लोकांनीच मतदान करून बदललं, तिसरा गुन्हा गंभीर किंवा हिंसक असला तरच.

परळचा_बाळू (सकाळी ८:१०)

काठ्यांसाठी २५ वर्षं? हे मात्र मलाही जड वाटतंय. चॉपर वेगळा आणि काठी वेगळी. पण ते कोष्टक आपल्याकडे का नाही? निदान कळेल तरी.

काळा_कोट (सकाळी ८:३५)

फौजदारी न्यायव्यवस्था सुधारण्यासाठी नेमलेल्या मळिमथ समितीने २००३ मध्ये शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी समिती नेमा असं सुचवलं होतं. अजून झालं नाही. म्हणून एकाच गुन्ह्याला एका कोर्टात सात आणि शेजारच्या कोर्टात दहा असं होतं.

पालावरची_शाळा (सकाळी ११:०० )

कोष्टक आणताना एक विचार करा. मी पारधी मुलांसोबत काम करते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मलेलं पोरच गुन्हेगार ठरवलं होतं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो गेला, म्हणून आमच्याकडे त्या दिवशी विमुक्त दिन करतात. पण १९५९ चा सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि शिक्का नाव बदलून राहिलाच. परिसरात चोरी झाली की पोलिसांची पहिली गाडी पालावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर. ज्याला वीस वेळा उचलतात त्याच्या नावावर एखादी शिक्षा लागणारच, विक्रोळीच्या दादांच्या भावासारखी, जामीन नाही, वकील नाही, म्हणून कबुली. मग तीच मोजून त्याला सराईत म्हणायचं. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने तुरुंगातल्या जातिभेदाच्या निकालात या 'सराईत' शब्दाच्या वापरावर बोट ठेवलं, मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर. तो निकाल वाचून आमच्याकडची एक शिकलेली मुलगी रडली. गुण मोजायचे तर ते गुण कसे जमा झाले तेही बघायला हवं.

विक्रोळीचा_दादा (सकाळी ११:२०)

+१००. ताई, हेच मला मांडता येत नव्हतं.

नवा_भिडू (दुपारी १२:०५)

आणि खुनाचं काय? तिथे तर जन्मठेप कमीत कमी आहेच. मग आधीच्या शिक्षेने काय वाढणार?

काळा_कोट (दुपारी १:१५)

तिथे प्रश्न जन्मठेप की फाशी एवढाच. १९८० च्या बच्चनसिंग निकालापासून दुर्मिळातली दुर्मिळ केस असेल तरच फाशी, आणि माणूस सुधारेल का हे बघावं लागतं. त्यात आधीची शिक्षा विरोधात जाते. पूर्वी आयपीसी ३०३ होतं, जन्मठेपेच्या कैद्याने खून केला तर फाशीच, दुसरा पर्यायच नाही. ते १९८३ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश, आपल्या य. वि. चंद्रचूडांच्या घटनापीठाने रद्द केलं. न्याय संहितेच्या १०४ मध्ये आता अशा कैद्याला फाशी किंवा मरेपर्यंत जन्मठेप असा पर्याय आहे. २०२२ पासून तर सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की फाशीच्या केसमध्ये आरोपीचं घर, शिक्षण, मानसिक स्थिती, आधीचे गुन्हे हे सगळं सरकारने खालच्या कोर्टातच गोळा करून ठेवायचं.

मोगरा_बोरिवली (पुढचा बुधवार, रात्री १०:१०)

मंडळी, काल शिक्षा झाली. नानांच्या सांगण्यावरून प्रमाणित प्रत वेळेत आली म्हणून बरं, ठसेही जुळले. आधीची शिक्षा चोरीची, २०१६ ची, आठ महिने. पाचपैकी दोन केसेसमधून सुटलेला, तीन चालू. साहेबांनी स्वच्छ सांगितलं की त्या पाच मी धरत नाही, एकच धरतो. त्याच्या वकिलाने वय, लहान मुलगी, गरिबी सांगितली. साहेबांनी आईचं वय, चॉपर, मोडलेलं मनगट आणि ती एक शिक्षा घेतली. दहा वर्षं सक्तमजुरी. आतापर्यंत आत काढलेला काळ वजा होणार.

त्याची बायको मुलीला घेऊन बाहेर बाकावर बसली होती. विक्रोळीच्या दादा, तुमचं लिहिलेलं वाचलं नसतं तर मी तिच्याकडे बघितलंही नसतं. बोलले नाही काही, बोलण्यासारखं नव्हतं. पण बघितलं.

आईला घरी येऊन सांगितलं दहा. ती म्हणाली बरं. मग म्हणाली माझ्या पाटल्या कधी मिळतील, त्या माझ्या आईच्या आहेत. एक पाटली पोलिसांना मिळालीय, मुद्देमालात आहे. ती कशी सोडवायची?

परळचा_बाळू (रात्री १०:३०)

दहा बरोबर आहेत ताई. जन्मठेप म्हणालो होतो पहिल्या दिवशी, पण दहा बरोबर वाटतात. आईंना सांगा परळहून नमस्कार.

गिरगावचे_नाना (रात्री १०:५५)

निकालपत्राच्या शेवटच्या पानावर मुद्देमालाचा आदेश असतो, ते आधी बघा. बहुतेक वेळा अपिलाची मुदत संपल्यावर फिर्यादीला परत द्या असं लिहितात. त्याने अपील केलं तर थांबावं लागेल, पण तेव्हाही बंधपत्र लिहून देऊन ताबा मागता येतो. आईंचं ओळखपत्र आणि पाटल्यांची जुनी पावती असेल तर ती, नसेल तर कुठल्यातरी लग्नातला फोटो चालतो ज्यात हातात पाटल्या दिसतायत. तसा आहे का?

मोगरा_बोरिवली (रात्री ११:०२)

माझ्या लग्नातला आहे नाना. आई माझ्या डोक्यावर अक्षता टाकतेय, दोन्ही हात दिसतात.

गिरगावचे_नाना (रात्री ११:०६)

मग त्याच्या दोन कॉपी काढा, एक अर्जाला लावा.